चाकांवरचे घर

नागपूर शहरातून अमरावतीच्या रस्त्याने पश्चिमेकडे निघाले, म्हणजे थोड्याच वेळात वाडी लागते. निरनिराळ्या प्रांतांतून आलेला माल येथील गोदामांत उतरतो आणि पुन्हा मोटारींवर चढून दूरदूरच्या गावी जातो. जेथे मालमोटारी, तेथे त्यांची दुरुस्ती करणारे कारागीर असावयाचेच. पत्र्याच्या छपरांखाली त्यांची गॅरेजे मांडलेली असतात. कोठे हातोड्याचे घाव ऐकू येतात, कोठे वेल्डिंगचा निळसर प्रकाश लखलखतो, तर कोठे चाके काढून घेतलेली एखादी जुनी गाडी लाकडी ठोकळ्यांवर उभी असते.

जुनी गाडी विकत घेण्यासाठी अशा ठिकाणी दोन प्रकारची माणसे येतात. पहिला असतो हौशी ग्राहक. तो गाडीभोवती एक फेरी मारतो. रंग तजेलदार आहे, काचा स्वच्छ आहेत, आसनांवर नवे कापड आहे, हे पाहून तो प्रसन्न होतो. दुसरा असतो अनुभवी मिस्त्री. तो रंगाकडे पाहतही नाही. जमिनीवर एक पोते अंथरून तो उताणा होतो आणि हातात विजेरी घेऊन सरळ गाडीखाली शिरतो. गाडीची खरी हकीकत वर नव्हे, खाली लिहिलेली असते, हे त्याला ठाऊक असते.

साध्या प्रवासी गाडीसाठी ही परीक्षा आवश्यक आहेच. परंतु ज्या गाडीचे घर करावयाचे, तिच्यासाठी ती अधिकच आवश्यक आहे. कारण प्रवासी चार तास बसतो आणि उतरून जातो. घरात मात्र माणूस निजतो, आणि निजलेला माणूस स्वतःचे रक्षण करू शकत नाही.

ज्या मोटारीत झोपावयास पलंग, स्वयंपाकासाठी ओटा, पाण्याची टाकी आणि सामानाची कपाटे असतात, तिला फिरते घर म्हणतात. मोटरहोम व कॅरॅव्हॅन ही तिची इंग्रजी नावे होत. वाहन नवे असले, तरी कल्पना जुनी आहे. मोटारी येण्यापूर्वी विदर्भात लोक छत घातलेल्या दमणीत बसून लग्नकार्यास व यात्रेस जात. बैलांच्या घुंगरांच्या तालावर मुले तिच्यातच झोपी जात, आणि मुक्कामाच्या ठिकाणी दमणीच्या आडोशाला चूल पेटे. राजस्थानातील गाडिया लोहारांची तर बैलगाडी हेच घर असे. गावोगाव हिंडून ते नांगराचे फाळ व विळेकोयते घडवीत आणि काम संपले की बिऱ्हाडासह पुढच्या गावास निघत.

केवळ प्रवासाच्या हौसेसाठी असे घर बांधणाऱ्यांत विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांचे नाव प्रसिद्ध आहे. हे स्कॉटिश गृहस्थ आरमारात डॉक्टर होते व पुढे मुलांसाठी गोष्टी लिहू लागले. १८८५ साली त्यांनी दोन घोड्यांनी ओढावयाची एक मोठी गाडी बांधून घेतली. तिचे नाव त्यांनी ‘वाँडरर’, म्हणजे ‘भटक्या’ असे ठेविले आणि तिच्यातून दक्षिण इंग्लंडपासून स्कॉटलंडच्या उत्तर भागापर्यंत प्रवास केला. ती गाडी इंग्लंडमध्ये अजून जपून ठेवलेली आहे. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीचे लाकूड आजही टिकून आहे, याचे कारण असे की, निरनिराळ्या काळी निरनिराळ्या माणसांनी त्याची निगा राखली.

पुढे घोड्यांची जागा इंजिनाने घेतली. १९५० नंतर युरोपात लहान मोटारगाड्यांच्या आत पलंग व कपाटे बसवून विकण्याचा धंदा भरभराटीस आला. महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली फिरत्या घरांतून होणाऱ्या पर्यटनासाठी आपले धोरण जाहीर केले.

नवे फिरते घर घेणे हे बऱ्याच खर्चाचे काम आहे. म्हणून पुष्कळ लोक एखादी जुनी मिनीबस विकत घेऊन तिचे घर करण्याचा विचार करतात. नागपुरातील एखाद्या कुटुंबाने असा बेत केला, असे समजा. उन्हाळ्यात चिखलदऱ्यास जावे, थंडीत नवेगावबांधचे पक्षी पाहावेत, कधी लोणारच्या सरोवराकाठी मुक्काम करावा, अशी त्यांची इच्छा आहे. आजीलाही बरोबर न्यावयाचे आहे. कारण लांबच्या प्रवासात तिला आडवे होण्याची सोय हवी असते. हा बेत सुखाचा व्हावा की संकटाचा, हे गाडी विकत घेण्याच्या दिवशीच पुष्कळसे ठरून जाते.

पहिली परीक्षा कागदपत्रांची. प्रत्येक मोटारीची नोंद प्रादेशिक परिवहन कार्यालयात झालेली असते. नोंदणी क्रमांकावरून गाडी कोठली, हे ओळखता येते. एम.एच. ३१ हा क्रमांक नागपूर शहराचा, एम.एच. ४० नागपूर ग्रामीणचा आणि एम.एच. ४९ पूर्व नागपूरचा होय. परंतु क्रमांकाची पाटी कोणीही बदलू शकतो. म्हणून गाडीच्या पोलादी सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक आणि इंजिनावरील क्रमांक, हे दोन्ही नोंदणीच्या कागदाशी पडताळून पाहावे लागतात. एका अक्षराचाही फरक आढळला, तर पुढे जाऊ नये. गाडीवर बँकेचे कर्ज बाकी आहे काय, विम्याची मुदत संपली आहे काय, योग्यता प्रमाणपत्र चालू आहे काय, हेही विचारावे. गाडी उत्तम असूनही कागद खोटे निघाले, तर ग्राहकाच्या हाती पैसे गमावल्याच्या दुःखाखेरीज काहीच राहत नाही.

दुसरी परीक्षा चासीची. मोटारीच्या तळाशी, पुढून मागपर्यंत, पोलादाच्या दोन लांब तुळया असतात. त्यांना आडव्या तुळयांनी जोडलेले असते. या सांगाड्याला कारागीर चासी म्हणतात. माणसाच्या शरीरात जे स्थान पाठीच्या कण्याचे, तेच गाडीत चासीचे. इंजिन तिच्यावर बसते, चाके तिला पाट्यांच्या आधाराने जोडलेली असतात आणि वरचे सारे घर तीच तोलून धरते. दार मोडले तर नवे बसविता येते, काच फुटली तर बदलता येते. पण चासी सडली असेल, तर बाकीचे सर्व व्यर्थ होय.

पोलाद सडते ते गंजाने. लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू हे तिघे एकत्र आले की, लोखंडावर तांबूस गंज चढतो. हा गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो व पापुद्र्यांनी सुटून येतो. त्यामुळे आतील ताजे लोखंड उघडे पडते आणि त्यालाही गंज लागतो. अशा रीतीने जाड पट्टी हळूहळू पातळ होत जाते. वरवरचा गंज तारेच्या ब्रशाने निघतो. त्याचे भय नाही. खोल गेलेला गंज मात्र घातक असतो. तो ओळखण्याची युक्ती साधी आहे. मिस्त्री लहान हातोडीने तुळईवर जागोजागी ठोकत जातो. निकोप पोलाद खणखणीत वाजते. सडलेल्या ठिकाणी आवाज बद्द येतो आणि कधी कधी हातोडीसरशी पोपडे गळून पडतात. विकणाऱ्याने गाडीखाली नुकताच काळा रंग फासला असेल, तर चतुर मिस्त्री अधिकच सावध होतो. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते, ही म्हण जुन्या गाड्यांच्या बाजारात पावलोपावली आठवावी.

तिसरी परीक्षा छपराची. नागपुरात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत वर्षातील बहुतेक सर्व पाऊस पडतो. छपराच्या सांध्यांतून शिरलेले पाणी आतल्या पत्र्यावरून व लाकडी तक्त्यांमागून खाली उतरते. ते डोळ्यांना दिसत नाही. पण त्याच्या खुणा राहतात. खिडक्यांचे खालचे कोपरे फुगलेले असतात, बोटाने दाबल्यास तक्ता आत जातो, बंद गाडीचे दार उघडताच कुबट वास येतो. म्हणून गाडी पाहावयास शक्य तर पावसाळ्यात, चांगली सर येऊन गेल्यावर जावे. उन्हाळ्यात सर्वच छपरे शहाणी वाटतात.

चौथी परीक्षा इंजिनाची. इंजिन थंड असतानाच ते सुरू करण्यास सांगावे. आधी तापवून ठेवलेले इंजिन आपले दोष लपविते. नंतर धुराकडे पाहावे. धूर हा इंजिनाची नाडी आहे. काळा धूर दाट येत असेल, तर इंधन पुरते जळत नाही, असे समजावे. निळसर धूर येत असेल, तर इंजिनातील वंगणाचे तेल झिजलेल्या भागांतून निसटून जळत आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, तर थंडाव्यासाठी ठेवलेले पाणी आत झिरपत असण्याचा संभव असतो. तेल मोजण्याची पट्टी बाहेर काढून पाहावी. तिच्यावरचे तेल दूध घातलेल्या चहासारखे दिसले, तर तेलात पाणी मिसळले आहे, हे निश्चित.

पाचवी परीक्षा चाकांची व ब्रेकची. टायरवरच्या खाचा खोल दिसल्या, म्हणजे टायर नवा, असे नव्हे. पुष्कळ दिवस उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर न झिजताही म्हातारे होतात. उन्हाने त्यांचे रबर कडक होते व त्याला बारीक चिरा पडतात. टायरच्या बाजूवर चार आकडे छापलेले असतात. पहिले दोन आठवडा सांगतात आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. २३१९ असे छापलेले असेल, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. नागपुरात मे महिन्यात हवेचे तापमान ४५ अंशांवर जाते, आणि डांबरी रस्ता तर हवेहूनही अधिक तापतो. अशा रस्त्यावर म्हातारा टायर वेगाने पळविणे म्हणजे संकटाला हाक मारणे होय.

ब्रेकच्या बाबतीत एक नियम प्रत्येकाने लक्षात ठेवावा. गाडीचा वेग दुप्पट झाला, की ब्रेक दाबल्यापासून ती थांबेपर्यंतचे अंतर दुप्पट होत नाही, सुमारे चौपट होते. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक लावल्यावर जेवढ्या अंतरात थांबते, त्याच्या चौपट अंतर ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीस लागते. शिवाय फिरत्या घरात पलंग, पाणी, भांडीकुंडी यांचा भार असतो, आणि तो थोपविण्याचे सारे काम ब्रेकलाच करावे लागते.

या पाच परीक्षा झाल्यावर मिस्त्री कधी कधी म्हणतो, “भाऊ, ही गाडी घेऊ नका.” ग्राहकाचे मन खट्टू होते. मुलांनी गाडीला नावसुद्धा देऊन टाकलेले असते. तरीही त्या वेळी मिस्त्रीचे ऐकावे. नकार ऐकून होणारे दुःख दोन दिवसांचे असते. न ऐकल्याने होणारे दुःख कदाचित जन्माचे होते.

गाडी पसंत पडली, व्यवहार पुरा झाला आणि ती गॅरेजमध्ये आली, की दुरुस्तीस आरंभ होतो. येथे बहुतेक हौशी माणसे क्रम चुकतात. ती प्रथम पडदे आणतात, गाद्या शिवून घेतात, रंग निवडतात. शहाणा कारागीर उलट क्रमाने चालतो. गाडीला जे तोलते व थांबविते, ते पहिले, पाण्याला जे बाहेर ठेविते, ते दुसरे, वीज व विस्तव यांचा बंदोबस्त तिसरा, सुखसोयी चौथ्या, आणि रंग सर्वांत शेवटी.

त्याप्रमाणे प्रथम गाडी उचलून ठोकळ्यांवर ठेवतात. चासी घासून स्वच्छ करतात. जेथे पोलाद पातळ झाले असेल, तेथील भाग कापून नवा तुकडा वेल्डिंगने जोडतात आणि गंजविरोधी लेप देतात. मोडलेले पाटे बदलतात. ब्रेकचे झिजलेले लायनर काढून नवे बसवितात. मग छपराचे सांधे उघडून, जुना वाळलेला मसाला खरवडून, नवा भरतात. सांध्यांवर पाणी सोडून आत कोठे थेंब येतो काय, हे पाहिल्यावाचून पुढचे काम हाती घेत नाहीत.

छपर बंद झाले, तरी नागपूरचे ऊन उरतेच. पत्र्याची पेटी उन्हात उभी केली, तर तिची भट्टी होते. विदर्भातील जुन्या घरांवर कवेलू घालीत असत. कवेलूंच्या थरांमध्ये हवा कोंडलेली राही, आणि कोंडलेली हवा उष्णता सहज पलीकडे जाऊ देत नाही. फिरत्या घरातही हीच युक्ती योजतात. बाहेरचा पत्रा आणि आतला तक्ता यांच्यामध्ये, सहज पेट न घेणारा व आत हवेचे बारीक कण असलेला थर भरतात. छपराला पांढरा रंग देतात. कारण पांढरा पृष्ठभाग सूर्याचा पुष्कळ प्रकाश परतवून लावतो. नागपूरकरांच्या ओळखीचा कूलरही लहान आकारात बसविता येतो. पाण्याची वाफ होताना ते हवेतील उष्णता घेते, म्हणून हवा थंड होते. मात्र ओलसर हवा बाहेर जाण्यासाठी खिडकी उघडी ठेवावी लागते, हे प्रत्येक नागपूरकरास ठाऊक आहे.

आता विस्तवाची गोष्ट. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो सिलिंडरमधून गळला, तर धुरासारखा वर जात नाही. पाण्यासारखा जमिनीवर पसरतो व खळग्यात साचतो. म्हणून फिरत्या घरात सिलिंडरसाठी निराळे कपाट करतात. ते कपाट घराच्या आतल्या बाजूने पूर्ण बंद असते आणि त्याच्या तळाशी बाहेर उघडणारी भोके असतात. गॅस गळलाच, तर तो त्या वाटेने बाहेर पडतो.

याहून कपटी असा दुसरा एक वायू आहे. त्याचे नाव कार्बन मोनॉक्साइड. इंधन अपुऱ्या हवेत जळले, की तो तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. श्वासाबरोबर तो रक्तात शिरतो व प्राणवायूची जागा बळकावतो. झोपलेल्या माणसास काही कळण्यापूर्वीच त्याची शुद्ध हरपते. २०२४ सालच्या डिसेंबर महिन्यात केरळातील वडकरा येथे रस्त्याच्या कडेस उभ्या असलेल्या एका फिरत्या घरात दोन माणसे मृतावस्थेत आढळली. विजेसाठी लावलेल्या जनरेटरमधून निघालेला हाच वायू आत पसरला होता, असे तज्ज्ञांच्या तपासणीत निष्पन्न झाले.

या दुर्घटनेपासून प्रत्येक कारागिराने धडा घ्यावा असा आहे. जुन्या गाडीच्या तळाला कोठे ना कोठे भोके पडलेलीच असतात. कोणी तारा नेण्यासाठी पाडलेली असतात, कोणी नळीसाठी. नवे लिनोलियम अंथरले, की ती झाकली जातात. पण बुजत नाहीत. म्हणून जमीन घालण्यापूर्वी प्रत्येक भोक शोधून, धातूच्या चकतीने व मसाल्याने पक्के बंद करावे. निजताना इंजिन अगर जनरेटर चालू ठेवू नये. शेगडी विझवावी. हवा येण्याजाण्याची वाट मोकळी ठेवावी. हा वायू ओळखून घंटा वाजविणारे लहानसे यंत्र मिळते, तेही पलंगाजवळ बसवावे. बैठकीच्या गादीपेक्षा त्याची किंमत कमी असते.

विजेच्या जुन्या तारांवरही विश्वास ठेवू नये. गाडी सतत हादरते, त्यामुळे तारा पत्र्याच्या कडेला घासून उघड्या पडतात. म्हणून जेथे तार पत्र्यातून पार जाते, तेथे रबराचे कडे बसवितात आणि प्रत्येक वाटेवर योग्य क्षमतेचा फ्यूज घालतात. घरातील दिव्यापंख्यांसाठी निराळी बॅटरी ठेवतात; नाहीतर रात्री दिवे जळून सकाळी गाडी सुरूच व्हावयाची नाही.

यानंतर सुखसोयींची पाळी येते. परंतु तेथेही हिशेब सुटत नाही. एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम असते. १०० लिटरची टाकी भरली, म्हणजे गाडीत १०० किलोग्रॅम भार वाढला. हा भार उंच ठेवला, तर वळणावर गाडी कलंडू पाहते. एकाच अंगास ठेवला, तर त्या बाजूचे पाटे व टायर अधिक झिजतात. म्हणून टाकी खाली, दोन्ही चाकांच्या मध्ये बसवावी आणि जड कपाटांची दोन्ही अंगांना सारखी वाटणी करावी. कपाटांना घट्ट कड्या हव्यात. कारण ब्रेक लागला, की उघड्या फडताळातील पितळी गडूही तोफेच्या गोळ्यासारखा पुढे येतो. गाडी चालत असताना कोणी पलंगावर निजू नये अगर स्वयंपाक करू नये. आजीने गाडी उभी केल्यावर आडवे व्हावे. प्रवासात मात्र तिनेही पट्टा बांधून आसनावर बसले पाहिजे.

अशा गाडीचे रूप मनास येईल तसे पालटण्यास कायद्याने मोकळीक नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८ सालचा आहे. त्याच्या ५२ व्या कलमात गाडीच्या मूळ रचनेत करावयाच्या फेरफारांविषयी नियम घालून दिले आहेत. म्हणून काम सुरू करण्यापूर्वीच परिवहन कार्यालयात जाऊन काय करता येईल, याची चौकशी करावी आणि रीतसर परवानगी घ्यावी. काम झाल्यावर तपासणीसाठी गाडी नेण्यात कित्येकांना त्रास वाटतो. पण गाडीखाली शिरणाऱ्या मिस्त्रीप्रमाणेच तपासणी करणारा अधिकारीही, झोपलेल्या माणसांच्या वतीने जागा असतो.

जुन्या सांगाड्यावर नवे घर उभे करण्याचे काम मोठ्या प्रमाणावर कसे चालते, याचे उदाहरण नागपुरातच आहे. महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या तीन मध्यवर्ती कार्यशाळा आहेत. त्यांपैकी एक पुण्याजवळ दापोडीस, दुसरी छत्रपती संभाजीनगरातील चिकलठाण्यास आणि तिसरी नागपूरजवळ हिंगण्यास आहे. १ जून १९४८ रोजी अहमदनगर ते पुणे या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. त्या काळच्या बसगाड्यांचे वरचे अंग लाकडी असे व आसनांत काथ्या भरलेला असे. लाकूड पावसाने कुजे, म्हणून पुढे ॲल्युमिनियमचा वापर सुरू झाला. हा धातू हलका असतो व लोखंडासारखा गंजत नाही. परंतु अपघातात ॲल्युमिनियमचे अंग सहज चेपते व फाटते, असा अनुभव आला. म्हणून अलीकडच्या काळात, २०१७-१८ च्या सुमारास, महामंडळाने जुन्या बसगाड्यांना मऊ पोलादाचे नवे अंग चढविण्याचे काम हाती घेतले.

जुनी बस कार्यशाळेत आली, की तिचे वरचे अंग उतरविले जाते. उघड्या चासीची तपासणी व दुरुस्ती होते. मग नवे खांब, नव्या कमानी आणि नवे पत्रे चढतात. लाकूड गेले, ॲल्युमिनियम आले. ॲल्युमिनियम गेले, पोलाद आले. वरचा वेष बदलत राहिला. पण प्रत्येक वेळी कारागिरांनी पहिला प्रश्न विचारला, तो एकच: खालचा सांगाडा भार सोसण्यास समर्थ आहे काय?

या प्रश्नाचे उत्तर काही वेळा ‘नाही’ असे येते, आणि तेही मान्य करावे लागते. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर तपासणीत गाडी योग्य ठरली, तर नोंदणीची मुदत वाढवून मिळते. शासनाच्या व सार्वजनिक महामंडळांच्या १५ वर्षांवरील गाड्यांबाबत नियम अधिक कडक झाला. १ एप्रिल २०२३ पासून अशा गाड्यांची नोंदणी पुढे चालू न ठेवता त्या मोडीत काढाव्या, असे केंद्र शासनाने ठरविले. मोडीत निघालेल्या गाडीचे पोलाद वितळून पुन्हा नव्या रूपाने उपयोगास येते. दुरुस्ती कोठवर करावी आणि कोठे थांबावे, हे ओळखणे हाही कारागिरीचाच भाग होय.

नागपूरच्या त्या कुटुंबाची गाडी तयार होण्यास कदाचित एक उन्हाळा आणि एक पावसाळा लागेल. खर्चाचा मोठा भाग अशा वस्तूंवर होईल, की ज्या घरी आलेल्या पाहुण्यास कधीच दिसणार नाहीत. पाहुणा पडद्यांची स्तुती करील, रंग वाखाणील. चासीला जोडलेला पोलादाचा तुकडा, जमिनीखाली बुजविलेले भोक, तारेभोवतीचे रबरी कडे यांविषयी कोणी एक शब्दही बोलणार नाही.

परंतु एखाद्या रात्री लोणारच्या काठी गाडी उभी राहील. दिवसभराच्या प्रवासाने थकलेली मुले, आईवडील आणि आजी शांतपणे निजतील. बाहेर पावसाची सर येईल आणि आत एक थेंबही पडणार नाही. सकाळी सर्वजण ताजेतवाने होऊन उठतील. त्या न दिसणाऱ्या कामाचे मोल त्या सकाळी पदरात पडेल.